एकशे आठावर थांबलेली फेरी

५ फेब्रुवारी १९६१, रविवार

आज सकाळी पूजेसाठी देव ताम्हनात उतरवले, खालचं आसन झटकायला उचललं आणि बोट त्यातून आरपार गेलं. पांढऱ्या सुताचं, क्रोशाने विणलेलं गोल आसन, वीतभर रुंदीचं. धुऊन धुऊन मधोमध विरलं होतं. एक धुतलेला रुमाल चौघडी करून देवांखाली घातला आणि पूजा उरकली. पण जपात मन लागलं नाही. घरी आलेल्या पाहुण्यांना पोत्यावर बसवावं तसं वाटत राहिलं.

नंतर मार्केटला जाऊन आलो. दुकानात आसनं होती, लाल मखमलीची, कडेला चकचकीत झालर आणि आत पुठ्ठा. दुकानदार घ्या घ्या म्हणत होता. मी तसाच परत आलो.

ही रोजनिशी नव्या वर्षाला कारखान्यात वाटली होती, ती महिनाभर कोरीच पडून आहे. आज लिहायला घेतली, कारण हे आसनाचं सांगायला घरात कोणी नाही. माझी बायको तानूबाई दिवाळीत माहेरी गेली ती निपाणीकडेच आहे. तिची आई वारली. झालं असं की तिच्या भावाचं, देवाप्पाचं पत्र सोमवारी आलं होतं. आई अंथरुणाला खिळली आहे, तानूला घेऊन लगेच या, असं. त्या आठवड्यात आमच्या कारखान्याच्या भांडारात मालाची मोजणी होती, रजा मिळण्यासारखी नव्हती, आणि दिवाळी दारात. सणाच्या तोंडावर तिला कशाला रडवायचं म्हणून मी पत्र कोटाच्या खिशात ठेवलं आणि शुक्रवारी, पाडव्याला दिलं. ‘आज आलं?’ तिने विचारलं. मी हो म्हणालो. तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि ठेवून दिलं. शनिवारच्या गाडीने निघालो, रविवारी पोचलो. आई गुरुवारीच गेली होती. तानूबाईने मला एका शब्दाने दोष दिला नाही. समजूतदार आहे. वर्षश्राद्ध होईपर्यंत राहील असं मी धरून चाललो आहे. मी दर महिन्याला कार्ड टाकतो. उत्तर देवाप्पाच्या अक्षरात येतं.

दारावरचं तोरण पुन्हा उजवीकडे वर ओढलेलं दिसलं. तेही तिनेच विणलेलं. जाताना घडी करून ठेवून गेली होती, मी परत आल्यावर लावलं. आज खिळा काढून बोटभर खाली ठोकला. ही दुसरी वेळ.

७ फेब्रुवारी

तानूबाईच्या ट्रंकेत सुयांचा डबा सापडला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात क्रोशाच्या चार सुया आणि पांढऱ्या सुताच्या गुंड्या. तो घेऊन पलीकडच्या खोलीत अंबूबाईंकडे गेलो. त्या भावसार, घराणं चार पिढ्या बंगळूरचं. यजमान शिंपी होते, ते वारले. वय सत्तर तरी असेल. आमच्या चामराजपेटेतल्या या वठारात सहा बिऱ्हाडं, त्यात मराठी बोलणारी आम्ही दोनच.

म्हटलं, “अक्का, देवांना एक आसन विणून द्याल का?”

“डोळे कुठे राहिलेत, अण्णा? तूच वीण.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. “माझ्या मालकांनी जन्मभर सुई धरली. मिशा काही गळून पडल्या नाहीत त्यांच्या. बस खाली.”

मी सुई धरली.

“दाभणासारखी नको धरू. पेनासारखी धर. शाळेत गेलायस की नाही?”

“सातवीपर्यंत.”

“मग सातवीपर्यंतच्या पेनासारखी धर.”

साखळी म्हणजे काय ते दाखवलं. सूत बोटाला गुंडाळायचं, सुईच्या आकड्यात धरायचं, आधीच्या फाशातून ओढून घ्यायचं. माझी साखळी लोखंडासारखी झाली, पुढचा टाका घालायला सुई शिरेना. “स्वल्प सैल, अण्णा, स्वल्प सैल,” असं त्या शंभर वेळा म्हणाल्या असतील. चाळीस टाके घातले, चाळीसही उसवले.

१२ फेब्रुवारी, रविवार

साखळी जमली. आता खांब शिकतो आहे. सुईवर सुताचा एक वेढा घेऊन उभा टाका घालायचा, तो खांब. सहा साखळ्यांचं कडं करायचं, कड्यात बारा खांब. दुसऱ्या फेरीला चोवीस, तिसरीला छत्तीस. दर फेरीला बारा वाढवायचे, अक्कांनी एवढंच सांगितलं.

माझं आकड्यांत लक्ष राहीना. मग एक खांब, एक रामनाम, असं धरलं. लगेच हात चालू लागला. दिवसभर खोलीत आवाज नव्हता, पण रोजच्यासारखं वाटलं नाही.

१६ फेब्रुवारी

आज कारखान्यात जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून सुताची गुंडी घरंगळली ती थेट मानसिंगच्या पायाशी. मानसिंग भांडारात माझ्या शेजारच्या मेजावर बसतो, बेळगावचा.

“यल्लाप्पा, हे काय? कोणाचं बारसं?”

“देवाचं आसन विणतोय.”

“वहिनी कधी यायच्या?”

“येतील.”

“म्हणजे तोवर वहिनींची नोकरी तूच करणार म्हण.” सगळे हसले. मीही हसलो. दुपारी तो एकटा असताना म्हणाला, “खरंच, कधी यायच्या?” मी गठ्ठ्यावर आकडे लिहीत राहिलो.

१९ फेब्रुवारी, रविवार

अक्कांनी सरावासाठी एक फूल करायला लावलं, तोरणातल्यासारखं. सकाळी बसलो तो दिवे लागेपर्यंत एक झालं, तेही लंगडं. मग सहज तोरणातली फुलं मोजली. एकवीस.

त्यानंतर घरातलं एकेक डोळ्यांत भरू लागलं. घागरीवरचा रुमाल. आरशाचा पडदा. देव्हाऱ्याची झालर. दिव्याच्या कोनाड्यातली पट्टी. माझ्या उशीच्या अभ्र्याची कडसुद्धा विणलेली आहे. त्या कडेवर मी आठ वर्षं डोकं ठेवतो आहे आणि मला ती बाजारची वाटत होती. मी सकाळी साडेसहाच्या बसने जातो, संध्याकाळी सहाला येतो, मग संध्या, मग जप. ती दिवसभर मोकळी असते असं मला वाटायचं.

अक्कांना म्हटलं, “तिला विणायचा फार नाद.”

त्या म्हणाल्या, “नाद कसला? तिला कन्नड येत नव्हतं. या वठारात बोलणार कोणाशी? माझ्याकडे यायची, सूत घेऊन.”

“काय बोलायची?”

“ते तिला विचार.”

५ मार्च, रविवार

आज नववी फेरी पुरी झाली. मोजले तर बरोबर एकशे आठ खांब. बारा नवे एकशे आठ, हे आधीच लक्षात यायला हवं होतं, पण मी नाम मोजत होतो. शेवटच्या खांबाशी माळेतला मेरुमणी लागावा तसं झालं. सुई खाली ठेवून हात जोडले. मेरुमणी ओलांडू नये हे लहानपणी आमच्या मास्तरांनी शिकवलं आहे. तेव्हा आता वाढवायचं नाही. इथून पुढे दर फेरी एकशे आठाची, म्हणजे एकेक फेरी एकेक माळ. रामनवमीला नवं आसन देवांखाली असेल.

तानूबाईला कार्डात लिहावंसं वाटलं. शेवटी नेहमीचंच लिहिलं: इकडे सर्व क्षेम, तिकडील कळवावे.

१२ मार्च, रविवार

चार माळा झाल्या आणि आसन बसेना. जमिनीवर ठेवलं की कडा उभ्या राहतात. ओलं करून पाटाखाली दाबून ठेवलं, इस्त्री फिरवली. वाळलं की पुन्हा वाटीसारखं. अक्कांकडे नेलं. त्यांनी ते उचललं आणि सरळ माझ्या डोक्यावर ठेवलं.

“छान बसलं. देव टोपी घालणार का, अण्णा?”

मग बोटं फिरवून मोजलं. “एकशे आठावर का थांबलास?”

“माळ पूर्ण झाली, अक्का.”

“तुझी झाली. याची कुठे झाली? गोल मोठा होत जातो, त्याला दर फेरीला जास्त लागतं. काल दिलं तेवढंच आज दिलंस की ते वर ओढून घेतं, आत मिटतं. नववीपर्यंत उसव.”

आसन घेऊन परत आलो. या चार फेऱ्यांत चारशे बत्तीस वेळा नाम घेतलं आहे. ते उसवायचं कसं?

१७ मार्च, पाडवा

पाच दिवस ती टोपी देव्हाऱ्याच्या कडेला तशीच आहे. आज अंगणात सगळ्या बिऱ्हाडांनी कडुनिंब आणि गूळ वाटला. अक्का वाटी घेऊन आल्या, टोपीकडे पाहून म्हणाल्या, “अजून?”

म्हटलं, “अक्का, प्रत्येक टाक्यावर रामाचं नाव आहे.”

त्यांनी थट्टा केली नाही. म्हणाल्या, “मग उसवतानाही घे. एकेक टाका सोड आणि एकेकदा नाव घे. दुप्पट होईल. रामाला काय, जाताना घेतलं काय आणि येताना घेतलं काय.”

दुपारी उसवायला बसलो. विणायला आठवडा लागला होता, उसवायला तासभर. सूत वेडंवाकडं निघालं, टाक्यांचे आकार तसेच धरून. पाण्यातून काढून दोरीवर वाळत घातलं.

२५ मार्च, रामनवमी

आसन झालं नाही. दहावी, अकरावी फेरी झाली, एकशे वीस, एकशे बत्तीस, आता सपाट बसतं आहे. देवांना आजचा दिवस रुमालावर बसवलं. त्यांची क्षमा मागितली.

रस्त्यावर मांडव होता, गुळाचं पानक आणि भिजवलेल्या डाळीची कोशिंबीर वाटत होते. अक्का पानकाचा तांब्या घेऊन आल्या आणि दारात थबकल्या.

“अण्णा, हे तोरण वाकडं का?”

“खिळा नीट बसत नाही. दोनदा हलवला.”

त्यांनी टाचा उंचावून उजवं टोक हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. “खिळा नाही. हे शेवटचं फूल बघ. बाकीच्या वीस फुलांपेक्षा लहान आहे. टाके तेवढेच, पण आवळलेत. सुईसुद्धा शिरणार नाही. तानूचा हात असा नाही. तिचा हात पाण्यासारखा. हे केलं तेव्हा काय झालं होतं तिला?”

मी आठवून पाहिलं. हे फूल तिने जायच्या दिवशी केलं, शनिवारी. सामान बांधून झालं होतं. गाडीची वेळ होईपर्यंत ती खिडकीशी विणत बसली होती. मला वाटलं होतं, शांत आहे. बरं वाटलं होतं.

अक्कांना सांगितलं, “आईच्या काळजीत असेल.”

त्यांनी टोक सोडून दिलं. “असेल.”

२७ मार्च, सोमवार

देवाप्पाचं पत्र आलं. ‘तानूबाई आता इकडेच राहते म्हणते. शाळेजवळ पोरींना विणकाम शिकवील, चार माणसांत राहील. तुमचा राग नाही. तिची ट्रंक रेल्वेने पाठवावी. सुयांचा डबा आठवणीने घालावा असं सांगते.’

संध्याकाळी बाराव्या फेरीला बसलो, एकशे चव्वेचाळीस खांबांची. नाम घेत होतो, तरी हात चालेना. पुरी केली.

३१ मार्च, शुक्रवार

आज गुड फ्रायडेची सुट्टी होती, पण वर्षअखेरीची मोजणी म्हणून भांडारातल्या सगळ्यांना बोलावलं होतं. मी खिळ्यांची पेटी मोजत होतो. रुमालासाठी खिशात हात घातला तर देवाप्पाचं पत्र हाताला लागलं.

सोमवारी आलेलं, आज शुक्रवार. उत्तर दिलेलं नाही. मोजणी झाली की बघू, असं मी रोज बसमध्ये स्वतःला सांगत होतो. तोच कोट, तोच खिसा. मी पाकीट बाहेर काढलं आणि उलटसुलट करून पाहिलं. तिने पाहिलं होतं तसं. मागच्या बाजूला आपल्या पोस्टाचा काळा शिक्का होता, त्यात तारीख. सत्तावीस.

दिवाळीच्या पाडव्याला टपाल वाटत नाहीत, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. तिला तर पाकिटावरच दिसलं असणार.

किती वेळ उभा होतो माहीत नाही. मानसिंग म्हणाला, “अरे, आकडा विसरलास की काय?” मी पेटी तशीच ठेवून साहेबांकडे गेलो आणि पंधरा दिवसांची रजा मागितली. ते म्हणाले, “दहा तारखेनंतर बघू.” मी म्हणालो, “उद्यापासून हवी आहे.” नोकरीच्या इतक्या वर्षांत मी उलटून बोललेलं ते पहिल्यांदाच पाहत होते. कारण विचारलं. तेवढ्यात मागून मानसिंग आला. “साहेब, त्याची मोजणी मी करतो. याला जाऊ द्या, नाहीतर हा इथंच बसून झालर विणायला लागेल.”

साहेबांनी सही केली. बाहेर आल्यावर मानसिंग म्हणाला, “वहिनींना नमस्कार सांग.” मग जरा थांबून, “आल्या नाहीत तरी सांग.”

१ एप्रिल

संध्याकाळची गाडी. ट्रंक भरली. तिची लुगडी, डबा. त्या डब्यातली एक सुई चोपन्न दिवस माझ्या हातात होती, ती पुसून परत ठेवली. आसन जवळ ठेवलं आहे, शेवटची कडेची फेरी बाकी आहे. देव आणि त्यांचा नैवेद्य अक्कांवर सोपवला.

अक्कांना सगळं सांगितलं, सोमवार आणि शुक्रवार. वाटलं होतं रागावतील. त्या म्हणाल्या, “मला कशाला सांगतोस? मी कोण?”

“सराव करतोय, अक्का.”

“सरी, ठीक. मग एकदा आणखी सांग. या वेळी मध्ये मोजणी आणि दिवाळी घालू नको.”

पुन्हा सांगितलं. मोजणी आणि दिवाळी काढल्यावर दोनच वाक्यं उरली.

३ एप्रिल, सोमवार. तानूबाईचं माहेर

काल दुपारी बेळगावहून बसने पोचलो. देवाप्पाने पाणी दिलं, ट्रंक उतरवून घेतली. “पाठवली असती तरी चाललं असतं, दाजी,” एवढंच म्हणाला. तानूबाई बाहेर आली, कशी आहे तब्येत विचारलं, आत गेली. बारीक झाली आहे. शेजारच्या बायकांशी मात्र मोठ्याने बोलते, हसते. बंगळुरात मी तिचा असा आवाज ऐकलेला नाही.

काल बोलणं झालं नाही. माणसं होती. आज सकाळी ती एकटी चुलीपुढे होती तेव्हा उंबऱ्यापर्यंत गेलो आणि ‘पाणी तापलं का’ असं विचारून परत आलो. दोन वाक्यं, तीही पाठ केलेली.

दुपारी ती ओसरीवर ट्रंक उघडून बसली. मी खांबाला टेकून होतो. तिने डबा उघडला, सुया मोजल्या. मग तिच्या हाताला आसन लागलं. मी ते ट्रंकेवर ठेवलं होतं.

“हे कोणाचं?”

“मी केलंय. अंबूअक्कांनी शिकवलं.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे. विश्वास बसला नसावा. आसन उलटं केलं. विणणारी माणसं आधी उलटी बाजू बघतात, हे आता मलाही माहीत आहे. मधल्या कड्यापासून एकेका फेरीवरून ती अंगठा फिरवत बाहेर आली. नववीवर जरा थांबली, उसवलेल्या सुताची जागा तिला कळली असेल. बाराव्या फेरीवर अंगठा पुन्हा थांबला. तो तिने मागेपुढे केला.

“इथं हात आवळलाय,” ती म्हणाली. “काय झालं होतं त्या दिवशी?”

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. तिच्या तोरणाच्या शेवटच्या फुलाखालून मी पाच महिने जा-ये केली, आणि हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

म्हणालो, “देवाप्पाचं पत्र आलं होतं. तू येत नाहीस म्हणून.” आणि थांबणार होतो. पण तिने आसन खाली ठेवलं नव्हतं. मग उरलेलं सांगितलं. “तुझ्या आईचं पत्र सोमवारी आलं होतं. मी तुला ते शुक्रवारी दिलं, आणि आज आलं असं खोटं सांगितलं.”

गल्लीतून बैलगाडी गेली, तिचा आवाज पार लांब जाईपर्यंत आम्ही दोघेही ऐकत बसलो.

“शिक्का बघितला होता मी,” ती म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले. गाडीत सांगाल असं वाटलं. मग इथं. मग कार्डात.” ती उठली आणि पदराने डोळे न पुसताच आत गेली. आसन घेऊन गेली, डबाही.

परत येतेस का, असं मी विचारलं नाही. ते आज मागायचं नव्हतं. बंगळुराला मी बहुधा एकटाच जाईन, आणि देव अजून काही दिवस रुमालावर बसतील.

जे सांगायचं होतं ते आज दुपारी सांगून झालं.